बाथटबची तोटी तांब्याच्या पाइपवर कशी बसवतात? एक चूक झाली तर पाणी थेट भिंतीत!

अमेरिकेत प्लंबर बोलावणं महाग पडतं. त्यामुळे बाथटबची तोटी, म्हणजे स्पाउट, बदलण्यासारखी कामं तिथे बरेच जण घरीच करतात. तिथे राहणारी मराठी कुटुंबंही त्याला अपवाद नाहीत. काम सोपं आहे, पण चुकलं तर पाणी भिंतीच्या आत झिरपतं. तिथल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर उभ्या असतात. गळती लक्षात येईपर्यंत टाइल्समागचं लाकूड कुजायला लागलेलं असू शकतं.

आधी तोटीचा प्रकार ओळखा

जुन्या तोटीच्या खालच्या बाजूला, भिंतीजवळ बोट फिरवून पाहा. तिथे छोटं भोक आणि आत स्क्रू असेल, तर ती सरकवून बसवायची तोटी आहे. ॲलन कीने स्क्रू सैल करा आणि तोटी हळूहळू फिरवत बाहेर ओढा. भोक नसेल तर ती आट्यांची तोटी असते. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढतात.

नवी तोटी शक्यतो त्याच प्रकारची घ्या. साध्या तांब्याच्या पाइपवर आट्यांची तोटी बसवायची तर आधी आट्यांचा जोड झाळून लावावा लागतो. लाकडी भिंतीजवळ ज्योत वापरण्याचं हे काम प्लंबरकडे सोपवलेलंच बरं.

सगळा भार एका रबरी रिंगवर

सरकवून बसवायच्या तोटीत आतमध्ये एक रबरी रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. पाणी अडवण्याचं काम ही रिंग करते. स्क्रू फक्त तोटी जागेवर धरून ठेवतो.

शॉवरसाठी तोटीवरची खुंटी वर ओढली की तोटीचं तोंड बंद होतं आणि आत पाण्याचा दाब वाढतो. रिंग कापली गेली असेल, तर पाणी मागच्या बाजूने बाहेर येतं आणि पाइपवरून भिंतीकडे जातं.

पाइप असा तयार करा

• तिथला ‘अर्ध्या इंची’ तांब्याचा पाइप बाहेरून मोजला तर ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर भरतो. गोंधळू नका, तोटी त्याच मापाची असते.
• पाइप भिंतीबाहेर किती हवा, हे तोटीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते आधी वाचा.
• कापायचा असेल तर करवत नको, पाइप कटर वापरा.
• कापलेल्या टोकाची धार पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. हीच धार रिंग कापते. पाइपवर जुन्या झाळकामाचे थेंब असतील तर तेही काढा.

बसवताना

पाइप ओला करा आणि तोटी फिरवत भिंतीला टेकेपर्यंत सरकवा. मग स्क्रू घट्ट करा, पण जोर लावू नका. तांबं मऊ असतं, पाइप चेपला तर रिंग नीट बसत नाही.

तोटी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा. खालची बाजू मोकळी ठेवा. कधी गळती झालीच, तर पाणी तिथून बाहेर येईल आणि तुम्हाला दिसेल.

भारतातून तोटी नेली तर?

आट्यांची तोटी नेऊ नका. भारतात ब्रिटिश मापाचे आटे चालतात, अमेरिकेत एनपीटी. अर्ध्या इंचाच्या दोन्हींत इंचाला १४ आटे असल्याने तोटी सुरुवातीला फिरते. पण आट्यांचा कोन इथे ५५ अंश आणि तिथे ६० अंश असतो. त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळूनही गळतीची भीती राहते.

शेवटची परीक्षा

सिलिकॉन सुकल्यावर पाच मिनिटं शॉवर चालू ठेवा आणि तोटीच्या मागे खालून कोरडा टिश्यू पेपर लावून पाहा. कोरडा राहिला तर काम फत्ते. ओला झाला, तर तोटी काढून रिंग तपासा.