हा 'तो' बर्गर नाहीच!

अमेरिकेहून सुट्टीला आलेला तुमचा मित्र कुर्ल्यात बर्गर खातो आणि म्हणतो, 'यार, हा तो नाही!' खरंय त्याचं. तिकडचा हॅम्बर्गर म्हणजे गोमांसाचा चरबीदार खिमा, मीठ, मिरपूड आणि कडक तापलेला तवा. बाकी मसाला नाहीच. मॅकडोनाल्ड्स १९९६मध्ये भारतात आलं तेच गोमांस वगळून. महाराजा मॅक तर सुरुवातीला मटणाचा होता! आपल्या राज्यात २०१५पासून बैलांची कत्तलही बंद. उरलं म्हशीचं मांस. पण त्यात चरबी कमी, म्हणून पॅटी कोरडी होते. तेव्हा ऑर्डर देण्याआधी बिनधास्त विचारा, 'खिम्यात चरबी घातलीये का? पाव लोण्यात भाजणार ना?' आणि मेयॉनीज कमीच घालायला सांगा, तेच सगळी चव मारतं.