दम राखणाऱ्यांची शर्यत

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली गेली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासूनची, म्हणजे दोन दशकांनी जुनी. पण नोकरी-धंदा सांभाळून लांब पल्ल्याचे धावणारा मध्यमवयीन माणूस आपल्याकडे मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसू लागला तो मुंबईच्या शर्यतीनंतरच. आज पावसाळा सरला की गावोगावचे रनिंग ग्रुप पहाटे बाहेर पडतात, रविवारी लाँग रन होतो आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत हा नेम चालतो. या सगळ्यांना शिकायचे काय असते, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: वेग वाढवायचा, दमसास वाढवायचा आणि जिद्द सोडायची नाही. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पहाटे चारचा गजर लावून वर्षानुवर्षे उठणाऱ्या माणसाकडे जिद्द असतेच. त्याला कमी पडतो तो आवर. पाय पळायला उतावीळ असताना त्यांना रोखून धरणे हे लांब पल्ल्याच्या शर्यतीतले सर्वांत अवघड कौशल्य आहे. हौशी धावपटूच्या सरावाचा बराचसा भाग याच कौशल्याचा सराव असायला हवा.

याचे पहिले कारण शरीराच्या हिशेबात आहे. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी ३,०००च्या आसपास किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर मात्र ढोबळमानाने २,००० किलोकॅलरी पुरवते. उरलेली तूट चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या-प्यायलेल्यातून भरावी लागते. चरबीचा साठा भरपूर असला तरी तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. वेग वाढला की शरीर साखरेवर जास्त विसंबते, वेग आटोक्यात असला की चरबीचा वाटा वाढतो. त्यामुळे पहिल्या १० किलोमीटरमध्ये केलेली उधळपट्टी तिथे जाणवत नाही. ती जाणवते तिसाव्या किलोमीटरनंतर, जेव्हा पाय जड होतात, मन चिडचिडे होते आणि साध्या चढावरही चालावेसे वाटते. मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये वर्षानुवर्षे पेडर रोडचा चढ नेमका या टप्प्यावर, ३५ किलोमीटर मागे पडल्यावर आलेला आहे. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा हा चढ धावपटूंच्या बोलण्यात इतका का येतो, याचे उत्तर चढाच्या उंचीपेक्षा आधीच्या ३५ किलोमीटरमध्ये शोधावे लागते. त्यात हवेची भर पडते. हवामान आणि मॅरेथॉनच्या वेळा यांचा अभ्यास असे सांगतो की उष्मा वाढत जातो तसे सगळेच मंदावतात, पण मागचे धावपटू पुढच्यांपेक्षा जास्त मंदावतात. विजेता दोन तासांच्या थोडे पुढे मोकळा होतो. पाच तास लागणारा माणूस मुंबईच्या दमट हवेत आणि चढत्या उन्हात त्याच्या दुपटीहून अधिक वेळ असतो. ज्याला आवर सर्वांत जास्त हवा, तो हाच.

आवर सुटतो तो केवळ अज्ञानाने नव्हे. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२,००० निकालांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी, तर स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी घटलेला आढळला. या फरकाचा काही भाग शरीरधर्माचा असणार, कारण लांबच्या श्रमात स्त्रियांचे शरीर चरबीचा वापर तुलनेने जास्त करते. पण अभ्यासकांनी निर्णय घेण्याच्या पद्धतीकडेही बोट दाखवले आहे. सुरुवातीलाच आपल्या कुवतीपेक्षा मोठा डाव लावण्याची प्रवृत्ती पुरुषांत अधिक दिसते. दुसरा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांचा, २०१७चा. त्यांनी सुमारे ९८ लाख मॅरेथॉन वेळा तपासल्या, तेव्हा ३ तास, ४ तास, ५ तास अशा पूर्ण आकड्यांच्या अलीकडे धावपटूंची दाटी आणि पलीकडे एकदम विरळ संख्या दिसली. तीन तास एकोणसाठ मिनिटे आणि चार तास एक मिनिट यांत शरीराच्या दृष्टीने काहीच अंतर नाही, पण मनाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. यावर कुणी म्हणेल की आकडा चांगलाच आहे, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तोच माणसाला ओढून नेतो. हे खरे आहे आणि ही दाटी त्याचाच पुरावा आहे. पण तोच आकडा पहिल्या किलोमीटरपासून मनगटावरच्या घड्याळात बसलेला असतो. तो सरावातून आलेला असेल तर आधार देतो. मित्राची वेळ पाहून ठरवला असेल तर तोच आकडा पूर्वार्धात माणसाला कुवतीबाहेर पळवतो आणि उत्तरार्धात त्याची किंमत वसूल करतो.

म्हणून शर्यतीच्या दिवशी आवर हवा असेल तर तो सरावात मुरवावा लागतो. दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासणारे स्टीफन सायलर यांना असे आढळले की त्यांची पाचांतली चार सत्रे सोपी असतात आणि कठीण सत्रे उरलेल्या एका वाट्यात येतात. ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९६०च्या सुमारास, आपल्या ८०० मीटरच्या धावपटूंनाही आधी महिनोन्महिने लांब अंतरे धावायला लावून ऑलिंपिकची पदके मिळवून दिली होती. यावरचा आक्षेप वजनदार आहे. अव्वल धावपटू आठवड्याला दीडशे किलोमीटर पळतो, त्याला हळू पळणे परवडते. नोकरदाराला आठवड्यात जेमतेम ४० किलोमीटर जमतात, मग त्याने प्रत्येक किलोमीटर जोरात का पळू नये? स्पेनमधल्या हौशी धावपटूंवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १० आठवड्यांचा सराव देऊन हाच प्रश्न तपासला गेला. बहुतेक सराव सोपा ठेवणाऱ्या गटाची १० किलोमीटरची वेळ ५ टक्क्यांनी सुधारली, मधल्या तीव्रतेवर भर देणाऱ्यांची ३.६ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता आणि दोन्ही गट सुधारले. त्यामुळे सोपा सरावच श्रेष्ठ असा निवाडा त्यातून निघत नाही. पण हळू पळाल्याने माणूस हळू होतो ही भीती मात्र त्यातून खोटी ठरते. व्यवहारात बिघडते ते इथेच. इझी रनची खूण साधी असते: शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. ग्रुपमध्ये पहिले दोन किलोमीटर तसेच जातात. मग एक जण अर्धे पाऊल पुढे होतो, दुसरा त्याला गाठतो, कुणीच काही ठरवलेले नसताना पेस किलोमीटरमागे वीस-तीस सेकंदांनी चढतो आणि सातव्या-आठव्या किलोमीटरला गप्पा बंद झालेल्या असतात. इंटरव्हलच्या, म्हणजे मधे थांबे घेत जोरात पळायच्या, दिवशी जे श्रम करायचे, ते रविवारीच खर्च होतात. मग मंगळवारी पाय जड, म्हणून इंटरव्हलही निम्मेच होतात. सोपा दिवस सोपा राहत नाही आणि कठीण दिवस पुरेसा कठीण होत नाही.

इथे माझ्याच म्हणण्याला अडचणीचा ठरणारा एक पुरावा मांडायला हवा. आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, हा नियम प्रत्येक नवख्याला सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन येथे ४ मैलांच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या ५३२ नवोदितांना दोन गटांत विभागून तो तपासला गेला. एका गटाने १३ आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवले, दुसऱ्याने ८ आठवड्यांच्या नेहमीच्या कार्यक्रमाने. दुखापतींचे प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. याचा अर्थ असा की आवर म्हणजे पाढ्यासारखे पाठ करायचे सूत्र नव्हे. तक्त्यात लिहिलेले १० टक्के पाळून दुखरी नडगी तशीच रेटणारा माणूस आवर पाळत नसतो, तो फक्त तक्ता पाळत असतो. कुठला ठणका धावण्यातला नेहमीचा आणि कुठला थांबायला सांगणारा, हे ओळखून त्या दिवशीचा रन सोडून देणे ही खरी शिस्त. तक्ता पुरा करण्यापेक्षा ती कठीण आहे, कारण चुकलेल्या रनची नोंद ॲपवर रिकामी दिसते आणि ती सगळ्यांना दिसते.

आवर पिण्यातही लागतो, हे पुष्कळांना नवे वाटेल. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यातल्या १३ टक्के धावपटूंच्या रक्तातले सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले होते आणि तिघांचे तर जिवाला धोका व्हावा इतके. ज्यांचे वजन शर्यतीत कमी होण्याऐवजी वाढले आणि ज्यांना ४ तासांहून अधिक वेळ लागला, त्यांच्यात हा धोका ठळक दिसला. पुढचे धावपटू घाईत दोन घोट घेतात. मागच्यांना प्रत्येक टेबलाशी थांबायला वेळ असतो आणि ‘पीत राहा’ हा सल्ला त्यांनी शब्दशः पाळलेला असतो. घामाने जाते त्याहून जास्त पाणी पोटात गेले की रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूवर सूज येऊ शकते, आणि सुरुवातीची मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपण ही लक्षणे पाणी कमी पडल्याचीच वाटतात. मग आणखी पाणी पाजले जाते. आमच्या हवेत पाण्याची कमतरता हाच मोठा धोका, असा आक्षेप इथे येईल आणि दमट हवेत घाम अधिक जातो हेही खरेच. पण उपाय दोन्हीकडे एकच आहे: तहानेप्रमाणे पिणे, आणि लाँग रनच्या आधी व नंतर वजन करून आपल्याला किती घाम येतो हे सरावातच जाणून घेणे. हृदयाच्या भीतीबद्दलही प्रमाण सोडून बोलू नये. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये शर्यतीदरम्यान हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. हा धोका फार थोडा आहे, पण हाफपेक्षा फुलमध्ये जास्त आणि पुरुषांत जास्त आढळला. छातीत दुखत असताना किंवा ताप अंगात असताना ‘इतका सराव वाया कसा घालवू’ म्हणून स्टार्ट लाइनवर उभे राहणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आवर, संयम, राखून धावणे ही सगळी सुस्तीला दिलेली चांगली नावे आहेत, असे कुणी म्हटले तर? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत सापडते. आपल्याकडचेही अनेक धावपटू तिथे जातात. पहिल्या महायुद्धातल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम यांनी ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले आणि १६ जणांनी ती पुरी केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्सबर्ग यांमधले हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि शर्यतीची दिशा बहुधा आलटून पालटून चढाची किंवा उताराची असते. वेळेची मर्यादा १२ तास. ती संपताना एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी की कोण दोन पावलांवर आले आहे हे त्याला दिसू नये. त्यानंतर आलेल्याला पदक नाही. तिथे ठरलेल्या वेळेत पोहोचवणाऱ्या अनुभवी धावपटूमागे जथा जमतो, त्याला ‘बस’ म्हणतात. चांगला बसचालक सुरुवातीच्या चढांवर, पायांत जोर असतानाच, सगळ्यांना ठरवून चालायला लावतो, आणि उरलेल्या वेळाचा हिशेब शेवटपर्यंत सोडत नाही. १९८९ मध्ये, मर्यादा ११ तासांची असताना, ही शर्यत पाच वेळा जिंकलेले वॉली हेवर्ड ८० वर्षांच्या वयात १० तास ५८ मिनिटे ३ सेकंदांत पोहोचले. शिल्लक राहिली ती दोन मिनिटांपेक्षाही कमी. बंदूक निर्दय आहे असे वाटणे साहजिक आहे, पण तिची वेळ सर्वांना पहिल्या पावलापासून ठाऊक असते. जास्त पळाल तर मध्येच कोलमडाल, कमी पळाल तर बंदूक गाठेल. या दोहोंच्या मधली अरुंद वाट शोधणे म्हणजे दम राखणे. सुस्तीला तिथे जागाच नाही.

हा सगळा खटाटोप शहरी, सुखवस्तू लोकांचे खूळ आहे, असेही म्हटले जाते. आजचे महागडे बूट आणि घड्याळे पाहता हा राग समजू शकतो. पण आपल्या भागातले लांब पल्ल्याचे धावणे तिथून सुरू झालेले नाही. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांनी सर दोराबजी टाटांना चकित केले, आणि त्यातून भारताचा संघ १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला. तिथल्या मॅरेथॉनमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले १९वे आले, त्यांना २ तास ५० मिनिटांच्या थोडे वर लागले. लांब अंतर पेलण्याची कुवत कुणा एका वर्गाची नाही. तिला लागणारा आवरही पैशाने मिळत नाही, आणि म्हणूनच तो शिकवणे कुठल्याही गावातल्या ग्रुपला शक्य आहे.

ते करायचे तर कौतुकाची जागा बदलावी लागेल. आपण फिनिशरची वेळ विचारतो, त्याऐवजी दोन्ही अर्ध्यांची वेळ विचारायला हवी. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारख्या शर्यतीत, जिथे यवतेश्वरच्या घाटाचा चढ आधी आणि उतार नंतर असतो, तिथे अर्ध्यांची तुलना जमणार नाही. तिथे वेग सारखा राहत नाही, श्रम सारखे ठेवावे लागतात. आयोजकांनी निकालात उत्तरार्ध उत्तम राखणाऱ्यांची वेगळी नोंद करावी. ग्रुपच्या प्रशिक्षकांनी रविवारी सर्वांत पुढे गेलेल्याऐवजी ठरलेला पेस शेवटपर्यंत धरणाऱ्याला शाबासकी द्यावी. दुखत असताना घरी थांबलेल्याची चेष्टा होऊ नये. हौशी धावपटूला पोडियम गाठायचे नसते, त्याला पुढची वीस-तीस वर्षे धावायचे असते. जोर त्याला एका शर्यतीपुरता पुढे नेईल, पण इतकी वर्षे टिकायची तर आवरच हवा. आणि तो येत्या रविवारच्या लाँग रनपासूनच शिकायला लागतो.