एकशेवीस तासांची जागा

सकाळी साडेसात

डब्यात पोळी-भाजी, पिशवीत अर्जाची प्रत आणि ओळखपत्र. एम.लिब.च्या या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट आहेत. आमच्या विभागाच्या हिशेबाने ते १२० तास होतात. जागा विद्यार्थ्यानेच शोधायची, विभाग पत्र देतो. वर्गातल्या बहुतेकांचा ओढा मोठ्या ग्रंथालयांकडे आहे आणि पुण्यात त्यांना तोटा नाही. भांडारकर संस्थेत हस्तलिखितं आहेत, गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे, यात शंका नाही. मला मात्र पेठेतलं सार्वजनिक ग्रंथालय हवं आहे. महाविद्यालयात वाचक परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे येतो. इथे तो आपल्या खिशातून वर्गणी भरून येतो आणि हवं ते पुस्तक मिळालं नाही तर तोंडावर सांगतो. हा धंदा ज्याच्यासाठी आहे तो माणूस समोर उभा असेल, तिथेच मला शिकायचं आहे.

आठ

ग्रंथालय उघडतं ते देवघेवीच्या गर्दीनेच. पहिला अर्धा-पाऊण तास ग्रंथपालांना परवानगीबद्दल विचारायला जाऊ नये. त्या वेळी बाकावर बसून नुसतं पाहावं. एक आजोबा म्हणाले, "गेल्या खेपेला नेलं होतं ना, त्याचा दुसरा भाग." पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. ग्रंथपाल मॅडमनी त्यांचं कार्ड काढलं, मागची नोंद पाहिली आणि दुसरा भाग हातात दिला. संदर्भसेवेवर आम्ही वर्गात पानंच्या पानं लिहितो, ती सेवा इथे मिनिटभरात होऊन गेली.

गर्दी ओसरल्यावर मॅडमनी मला बोलावलं आणि नव्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे केला. दाखल क्रमांक शीर्षक पानामागे तर टाकायचाच, शिवाय एका ठरलेल्या गुप्त पानावरही टाकायचा. "शीर्षक पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. शिक्का मजकुरावर येऊ नये म्हणून तो कसा किंचित तिरका धरायचा, तेही त्यांनी दाखवलं. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवायचं, नाहीतर समोरच्या पानावर डाग उमटतो.

साडेनऊ

"तू येऊन करणार काय, ते आधी सांग," मॅडम म्हणाल्या. "मागे एक मुलगा आला होता. महिनाभर त्याने पुस्तकं पुसली आणि कपाटं लावली. त्याच्याही हाती काही लागलं नाही, आमच्याही नाही."

हे मला मनापासून पटलं. आपण जागा मागतो, प्रमाणपत्र मागतो, पण काम काय करणार हे क्वचितच सांगतो. मग समोरचा माणूस जे काम कोणीच करत नाही ते देतो, म्हणजे झाडझूड. मी त्यांना मागच्या खोलीतल्या बांधीव दिवाळी अंकांबद्दल विचारलं. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतल्या कितीतरी कथा, कविता आणि वैचारिक लेख पहिल्यांदा दिवाळी अंकातच छापले गेले. पण ग्रंथालयाच्या नोंदवहीत अंकाचं नाव आणि वर्ष एवढंच असतं. आत कोण आहे, हे खंड उघडल्याशिवाय कळत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, म्हणून त्या ग्रंथांचा आज माग लागतो. दिवाळी अंकातल्या लेखांनाही तसा माग हवा, निदान आपल्या ग्रंथालयापुरता तरी.

"सगळे होणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "एकाच मासिकाचे घे. पण घेतलेस तर पूर्ण कर."

अकरा

कामाची योजना तिथेच बसून लिहून काढली. प्रत्येक लेखाची एक ओळ: लेखक, शीर्षक, लेखनप्रकार, अंक, वर्ष, पृष्ठं. पुढे ग्रंथालयाने कोहा किंवा ई-ग्रंथालय ही प्रणाली घेतली तर नोंदी तिच्यात नेता याव्यात, म्हणून मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये.

खरा वेळ खाणार ती लेखकांची नावं. एका अंकात 'कुसुमाग्रज', दुसऱ्यात 'वि. वा. शिरवाडकर'. एके ठिकाणी 'ग्रेस', दुसरीकडे 'माणिक गोडघाटे'. वाचक कोणतंही नाव घेऊन येवो, त्याला सगळं मिळालं पाहिजे. म्हणून एक नाव पक्कं करायचं आणि दुसऱ्याकडून तिकडे 'पाहा' अशी नोंद द्यायची. वर्गात हे नियम कंटाळवाणे वाटतात. नमुन्यादाखल एका खंडाची अनुक्रमणिका उतरवून पाहिली, तर त्यात नुसत्या आद्याक्षरांवर छापलेली एक कविता निघाली. ती कोणाची, हे शोधण्याचं काम आताच खुणावतंय.

वेळेचाही हिशेब मांडला. ग्रंथालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं, दुपारी बंद. सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन असे रोज पाच तास धरले तर १२० तासांना कामाचे २४ दिवस लागतात, आणि दुपारची लेक्चरंही बुडत नाहीत.

साडेबारा

विभागात. विभागप्रमुखांची सही, शिपाई मामांकडून शिक्का, जावक क्रमांक. पत्राच्या ठरीव मजकुरात कामाचं नाव नव्हतं. सरांना विचारून 'सोबत कार्ययोजना जोडली आहे' ही ओळ घालून घेतली.

तीन

कार्यवाहांना फोन. ग्रंथपालांनी हो म्हटलं तरी ते पुरेसं नसतं, हे नव्या विद्यार्थ्याला माहीत नसतं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण बहुतेक ग्रंथालयं नोंदणीकृत संस्थाच चालवतात आणि शासन त्यांना अनुदान देतं. त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या हाती कपाटाची किल्ली द्यायची की नाही, हे कार्यकारी मंडळ ठरवतं. पत्र कार्यवाहांच्या नावे आणि प्रत ग्रंथपालांना, हाच रिवाज. "साडेपाचला या," ते म्हणाले.

साडेपाच

कार्यवाह निवृत्त शिक्षक. योजना त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "मानधन देता येणार नाही, बाळ." मी म्हटलं, नको, टेबल आणि उजेड पुरे. मग ते म्हणाले, "नुसती सूची कशाला? स्कॅन करून टाका की नेटवर, जगभरची मराठी माणसं वाचतील." त्यांची तळमळ खरी होती. पण आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि यातले अनेक लेखक त्या मुदतीत बसतात. लेखांची सूची करायला हरकत नाही, अख्खा लेख मात्र परवानगीशिवाय चढवता येत नाही. त्यांना ते पटलं.

त्यांच्या अटी दोन. खंड खोलीबाहेर न्यायचे नाहीत. आणि सूचीची एक छापील प्रत काउंटरवर राहील, कारण इथले निम्मे वाचक संगणकाकडे वळत नाहीत. दुसरी अट माझ्या योजनेत असायलाच हवी होती इतकी चांगली आहे. ती हाताने लिहून योजनेत घातली. त्यांनी आवक शिक्का मारला, सही केली आणि पोच दिली.

साडेआठ

वसतिगृहात पोचेचा फोटो सरांना पाठवला. वर्गातल्या दोघी अजून जागा शोधत आहेत, त्यांना योजनेचा कच्चा मसुदा दिला.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. वर्षानुवर्षं राहून गेलेली कामं तुमच्याकडे आहेत: दिवाळी अंकांची सूची, जुन्या देणगी संग्रहाची नोंद, गावच्या साप्ताहिकांचे खंड. त्यांची एक यादी करा आणि सत्र सुरू होण्याआधी जवळच्या ग्रंथालयशास्त्र विभागाला पाठवा. टेबल आणि उजेड द्या. विद्यार्थी येतील.