मित्र, तत्त्व आणि संरक्षण : डेन्मार्कपुढील पेंच

लहान राष्ट्रानें आपल्या रक्षणाचा भार मोठ्या मित्रावर सोंपवावा, आणि एके दिवशीं त्या मित्रानेंच त्याच्या घराचा एक भाग मागावा, म्हणजे काय प्रसंग ओढवेल? डेन्मार्कवर असाच प्रसंग आला. युरोपीय राष्ट्रांचीं तत्त्वें व त्यांची सुरक्षितता यांचें नातें कसें असतें, हें श्रोत्यांस त्यावरून चांगलें कळून येईल.

ग्रीनलंड हें जगांतील सर्वांत मोठें बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाखालीं. लोकवस्ती अवघी सुमारें ५७ हजार. तें डेन्मार्कच्या राज्यांत मोडतें. तथापि २००९ च्या कायद्यानें तेथील लोकांना स्वशासन मिळालें असून, स्वतंत्र व्हावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा त्यांचा हक्कही मान्य झाला आहे. उत्तर अमेरिका व युरोप यांच्या दरम्यान असलेलें हें बेट क्षेपणास्त्रांवर नजर ठेवण्यास मोक्याचें. म्हणूनच १९५१ च्या करारानें डेन्मार्कनें अमेरिकेला तेथें लष्करी तळ ठेवूं दिले. त्यांपैकीं पिटुफिकचा तळ अद्याप चालू आहे.

बेटाची मागणीही नवी नव्हे. १९४६ सालीं अमेरिकेनें त्याबद्दल दहा कोटि डॉलर किंमतीचें सोनें देऊं केलें होतें. डेन्मार्कनें नकार दिला. तरीही १९४९ सालीं दोन्ही राष्ट्रें ‘नाटो’ संघाचीं संस्थापक झालीं. एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हें या संघाचें पांचवें कलम. २००१ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हां तें तिच्याच साह्यार्थ लागू झालें, आणि पुढें अफगाणिस्तानांत चाळीसांहून अधिक डॅनिश सैनिक मृत्युमुखीं पडले.

अशा या मित्राच्या बाबतींत, २०२५ च्या जानेवारींत, अध्यक्षपदाचीं सूत्रें पुन्हां हातीं घेण्यापूर्वींच, डोनाल्ड ट्रम्प यांनीं ग्रीनलंडसाठीं लष्करी बळ वापरणार नाहीं असें आश्वासन देण्याचें नाकारलें.

युरोपचा पेंच येथें सुरू होतो. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली तेव्हां, बळानें सीमा बदलतां येणार नाहींत, असें युरोपनें ठणकावून सांगितलें. युरोपीय संघाच्या करारांतील २१ वें कलमही आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर हें तत्त्व सांगतें. शत्रूला सांगितलेलें तत्त्व मित्राला सांगतांना जीभ अडखळली, तर तें तत्त्व न राहतां केवळ सोय ठरते. परंतु त्याच मित्राचीं शस्त्रें, उपग्रह व गुप्त वार्ता यांवांचून रशियाला थोपविणें कठीण. २०२५ च्या मार्चमध्यें अमेरिकेनें युक्रेनची लष्करी मदत कांहीं दिवस थांबविली, तेव्हां ही अडचण सर्वांच्या प्रत्ययास आली.

डेन्मार्कनें काय केलें? त्याच वर्षीं जूनमध्यें, स्वदेशांत अमेरिकन सैन्य ठेवूं देणाऱ्या कराराला त्याच्या पार्लमेंटनें मंजुरी दिली. सप्टेंबरांत लांब पल्ल्याच्या हवाई संरक्षणासाठीं अमेरिकन ‘पेट्रियट’ ऐवजीं फ्रान्स व इटली यांची यंत्रणा निवडली. आणि ऑक्टोबरांत आणखी १६ अमेरिकन एफ-३५ विमानें घेण्याचें जाहीर केलें. वरवर पाहतां हें वर्तन विसंगत दिसतें. परंतु मैत्री तुटूं न देतां तिच्यावरील भिस्त हळूहळू कमी करणें, याखेरीज लहान राष्ट्राला दुसरा मार्ग कोणता?

२०२६ च्या जानेवारींत फ्रान्स, जर्मनी, इटली, पोलंड, स्पेन व ब्रिटन यांच्या नेत्यांनीं डेन्मार्कसह संयुक्त निवेदन काढून, ग्रीनलंड तेथील लोकांचें आहे, असें बजावलें. त्याच महिन्यांत दाव्होस येथें ट्रम्प यांनीं बळ वापरणार नसल्याचें सांगितलें.

बलाढ्य राष्ट्राला तत्त्व हा अलंकार वाटूं शकतो. लहान राष्ट्राचा तो तटच असतो. मात्र तटावर पहारा आपलाच लागतो. तो दीर्घकाळ दुसऱ्यावर सोंपविल्याची किंमत आतां युरोपला मोजावी लागत आहे.