पर्जन्यजल धारण तलावाचा संकल्पन अहवाल : बोम्मसंद्र्याच्या निमित्ताने

औद्योगिकीकरण आणि नागरीकरण यांचा पहिला परिणाम जमिनीच्या पृष्ठभागावर होतो. शेत, माळरान आणि गवताळ पडीक जमीन यांच्या जागी छप्परे, रस्ते आणि काँक्रीटची अंगणे येतात. पूर्वी पावसाचे जे पाणी जमिनीत मुरत असे, ते आता थोड्याच वेळात नाल्यात येऊन पोहोचते. पाऊस तेवढाच असतो. पण त्याचे पुरात रूपांतर होण्याचा वेग वाढतो. हा वेग रोखून धरणारे साधन म्हणजे पर्जन्यजल धारण तलाव. असा तलाव बांधण्यापूर्वी तयार करावा लागणारा अभियांत्रिकी संकल्पन अहवाल वरकरणी तांत्रिक दस्तऐवज वाटतो. वस्तुतः तो वरच्या बाजूचे जमीनधारक आणि खालच्या बाजूचे रहिवासी यांच्यातील हिशेबाचा कागद असतो. बंगळुरूजवळील बोम्मसंद्रा या औद्योगिक परिसराच्या संदर्भात या अहवालाचे स्वरूप समजून घेणे उद्बोधक ठरेल.

तलावांचा प्रदेश

बोम्मसंद्रा हे बंगळुरू शहर जिल्ह्याच्या आनेकल तालुक्यात, होसूर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे वसलेले आहे. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने येथे औद्योगिक वसाहत विकसित केली. औषधनिर्मिती, यंत्रसामग्री, वाहनांचे सुटे भाग अशा अनेक उद्योगांची ती भूमी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हा मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्याने या परिसरातील जमिनीवरील ताण आणखी वाढणार, हे उघड आहे.

या गावाच्या नावातील ‘संद्रा’ हे पद ‘समुद्र’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ मोठा तलाव असा मानला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारावर मोठी बारमाही नदी नाही. म्हणून शतकानुशतके उतारावर एकाखाली एक तलाव बांधले गेले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी ‘राजकालुवे’ या मुख्य नाल्याने खालच्या तलावात जाई. विदर्भातील माजी मालगुजारी तलाव ज्यांना परिचित आहेत, त्यांना ही साखळी सहज कळेल. आनेकल तालुक्याच्या पूर्व भागातील पाणी अशाच साखळ्यांमधून दक्षिण पिनाकिनी नदीकडे आणि पुढे तमिळनाडूत जाते. साहजिकच, येथील कोणताही नवा तलाव एकटा नसतो. त्याला वरचे आणि खालचे शेजारी असतात.

ही साखळी तुटली की काय होते, याचा अनुभव बंगळुरूने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. ४ व ५ सप्टेंबरच्या सुमारे १३० मिलिमीटर पावसाने बाह्य वळण मार्ग आणि बेळ्ळंदूर परिसर जलमय झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्याआधीच, २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात, शहरातील पर्जन्यजल व्यवस्थापनातील त्रुटी दाखवल्या होत्या. कोरमंगला खोऱ्यातील नाल्यांची लांबी सुमारे ११३ किलोमीटरवरून ६३ किलोमीटरवर, तर वृषभावती खोऱ्यातील लांबी सुमारे २२६ किलोमीटरवरून ११२ किलोमीटरवर आल्याचे त्यात नमूद आहे.

पहिला प्रश्न : पाणी कोणाचे आणि किती?

संकल्पन अहवालाची सुरुवात तलावाच्या जागेपासून नव्हे, तर त्याच्या पाणलोट क्षेत्रापासून होते. समोच्च रेषांचा नकाशा, प्रत्यक्ष सर्वेक्षण, जमीन वापराची नोंद आणि नाल्यांची पाहणी यांच्या आधारे कोणत्या भूखंडाचे पाणी तलावात येणार, हे निश्चित केले जाते. रस्त्याचा भराव किंवा कारखान्याची कुंपणभिंत नैसर्गिक उतार बदलू शकते. म्हणून केवळ जुन्या नकाशावर विसंबून चालत नाही.

दुसरी पायरी पर्जन्यमानाची. बंगळुरूची वार्षिक सरासरी सुमारे ९७० ते १००० मिलिमीटर आहे. पण तलावाच्या संकल्पनासाठी ही सरासरी फारशी उपयोगाची नसते. तेथे प्रश्न असतो तो एका तासात किंवा अर्ध्या तासात किती जोराचा पाऊस पडेल, आणि तसा पाऊस किती वर्षांतून एकदा अपेक्षित आहे, हा. याचे उत्तर तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांच्या संबंधाच्या आलेखांतून मिळते. भारतीय हवामान विभागाच्या नोंदी आणि राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापक यंत्रे हे त्यासाठीचे आधार होत. हवामान बदलत असल्याने जुन्या आलेखांऐवजी अलीकडच्या नोंदी समाविष्ट करणे अगत्याचे ठरते.

येथे ‘पुनरावृत्तिकाल’ या संकल्पनेबाबतचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘२५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ याचा अर्थ तो एकदा आला की पुढील २५ वर्षे निश्चिंती, असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के असते, एवढाच त्याचा अर्थ. २५ वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. त्यामुळे कोणता पुनरावृत्तिकाल निवडावा हा निव्वळ गणिताचा प्रश्न नाही. समाज किती जोखीम पत्करण्यास तयार आहे, याचा तो निर्णय आहे.

विसर्गाचे गणित

लहान पाणलोट क्षेत्रातील महत्तम विसर्ग काढण्यासाठी एक सोपे सूत्र वापरले जाते. अपधाव गुणांक, मिलिमीटर प्रतितास या एककातील पर्जन्यतीव्रता आणि हेक्टरमधील क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून त्यास ३६० ने भागले असता घनमीटर प्रतिसेकंद या एककात विसर्ग मिळतो. अपधाव गुणांक म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा.

उदाहरणादाखल १०० हेक्टरचे पाणलोट क्षेत्र आणि एक तास टिकणारा ताशी ६० मिलिमीटरचा पाऊस घेऊ. शेतजमिनीचा गुणांक ०.३ धरल्यास विसर्ग ५ घनमीटर प्रतिसेकंद येतो. त्याच जमिनीवर औद्योगिक वसाहत होऊन गुणांक ०.८ झाला, तर विसर्ग सुमारे १३.३ घनमीटर प्रतिसेकंद होतो. पावसाचा एकही थेंब न वाढता पूर अडीच पटींहून अधिक वाढला.

आता खालच्या नाल्यात विकासापूर्वीइतकाच, म्हणजे ५ घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग सोडायचा असे ठरवू. त्या एका तासात वाहून येणारे पाणी ४८,००० घनमीटर आणि बाहेर जाणारे १८,००० घनमीटर. उरलेले ३०,००० घनमीटर पाणी तात्पुरते साठवावे लागेल. दोन मीटर खोली धरली, तर त्यासाठी दीड हेक्टर जागा लागते, म्हणजे पाणलोट क्षेत्राच्या दीड टक्का. गाळ, काठांचा उतार, बांध आणि देखभालीचा रस्ता यांची जागा याखेरीज. हा ढोबळ अंदाज होय. प्रत्यक्ष अहवालात निरनिराळ्या कालावधींचे पाऊस तपासून, काळानुसार विसर्ग कसा चढतो व उतरतो हे दाखवणारे आलेख आणि संगणकीय प्रारूपे वापरून साठवण निश्चित करावी लागते.

गुणांकाची निवड या साऱ्या गणिताच्या मुळाशी असते. आज वसाहतीत अनेक भूखंड रिकामे आहेत म्हणून तो कमी धरला, तर दहा वर्षांनी तलाव अपुरा पडतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शहरी पुराविषयीच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत भावी पर्जन्यजल व्यवस्थांसाठी ०.९५ पर्यंत गुणांक धरण्याची शिफारस आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्जन्यजल निचरा प्रणालीची नियमपुस्तिकाही अहवालकर्त्यांसाठी आधारभूत आहे.

तलावाची रचना

पाणी किती, हे ठरल्यानंतर रचना ठरते. पावसानंतर रिकामा होणारा कोरडा धारण तलाव आणि कायम जलसाठा राखणारा तलाव असे दोन मुख्य प्रकार आहेत. पूरनियंत्रण दोहोंनी साधते. पाण्यातील गाळ व प्रदूषके खाली बसण्यास दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरतो. कोरड्या तलावातील पाणी डासांची पैदास टाळण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत निघून जावे लागते.

पाणी शिरते त्या तोंडाशी गाळ अडवणारे छोटे कुंड ठेवतात. ते साधारणतः एकूण साठ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे असते. सगळा तलाव उपसण्याऐवजी हे कुंड वारंवार साफ करणे सोपे जाते. आत येणारे आणि बाहेर जाणारे मार्ग परस्परांपासून दूर असावे लागतात. अन्यथा पाणी सरळ निघून जाते आणि गाळ खाली बसत नाही. निर्गमाची भोके लहान व मोठ्या पावसांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवली जातात. संकल्पनापेक्षा मोठा पूर आल्यास बांध न फुटता पाणी सुरक्षितपणे जावे, यासाठी आपत्कालीन सांडवा अनिवार्य असतो. मातीची चाचणी, बांधाचे स्थैर्य आणि पाझर यांचा अभ्यास अहवालात स्वतंत्रपणे येतो.

औद्योगिक वसाहतीचा विशेष प्रश्न

औद्योगिक परिसरात पावसाचे पहिले काही मिलिमीटर पाणी अंगणातील तेल, धातूंचे कण आणि रसायने धुऊन नेते. वरील उदाहरणात पहिल्या १० मिलिमीटर पावसाचे पाणी ८,००० घनमीटर होते. ते स्वतंत्रपणे अडवून निवळू देण्याची सोय करावी लागते. सांडपाणी चोरून पावसाळी नाल्यात सोडले जात असेल, तर मात्र तलाव हा उपाय न राहता प्रदूषणाचा साठा बनतो. म्हणून कोरड्या ऋतूत नाल्यात पाणी वाहते काय, याची पाहणी अहवालातच असणे श्रेयस्कर. सांडपाण्याचे नियंत्रण १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यान्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेत येते.

येथे एक पेच उभा राहतो. बंगळुरू परिसरात भूजलाचे अतिशोषण झाले आहे. त्यामुळे तलावातून पाणी मुरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दूषित पाणी मुरले, तर आसपासच्या कूपनलिकांनाच धोका पोहोचतो. छपरांवरचे तुलनेने स्वच्छ पाणी वेगळे करून मुरवणे आणि अंगणांचे पाणी अस्तर असलेल्या तलावात निवळवणे, हा त्यातील व्यवहार्य मार्ग होय.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिणामांचा प्रश्न आहे. अंगण फरसबंद करणाऱ्या कारखान्याला त्याचा पूर्ण लाभ मिळतो. पुराचा खर्च मात्र उताराखालच्या वस्तीला, शेतकऱ्याला किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला सोसावा लागतो. तलावाचा खर्च आजचा व निश्चित असतो, तर टळलेले नुकसान भविष्यातील, अनिश्चित आणि अनेकांत विभागलेले असते. म्हणूनच बाजारव्यवस्था असे तलाव आपोआप निर्माण करीत नाही. जर्मनीतील अनेक शहरांत भूखंडाच्या फरसबंद क्षेत्रानुसार पर्जन्यजल शुल्क आकारले जाते, ते याच कारणासाठी.

भारतात जबाबदारी विखुरलेली आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीनुसार जलनिस्सारण हा राज्यांचा विषय आहे. बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी भूखंडांचा विकास एका संस्थेकडे, नागरी सेवा नगरपालिकेकडे, तर महामार्ग केंद्रीय यंत्रणेकडे असतो. शहरी पुराचा धोका कमी करण्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाने सात महानगरांकरिता २,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांत मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी, तर बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे यांना प्रत्येकी २५० कोटी होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी हाही एक स्रोत आहे. आनेकल तालुक्यातीलच क्यालसनहळ्ळी येथील ३६ एकरांच्या तलावाचे २०१७ मध्ये अशा निधीतून पुनरुज्जीवन झाले.

देखभाल : नवी मुंबईचा धडा

तलाव बांधून झाला की अहवालाचे काम संपले, ही समजूत महागात पडते. सिडकोने नवी मुंबईच्या सखल भागांत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव बांधले. संकल्पना उत्तम होती. पुढे अनेक तलाव गाळाने भरले आणि त्या गाळात खारफुटी वाढली. खारफुटीला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नसल्याने गाळ काढणेही अवघड झाले. वेळेवर न झालेल्या देखभालीने येथे पूरनियंत्रण आणि पर्यावरणरक्षण ही दोन सार्वजनिक हिते परस्परांसमोर उभी केली.

यावरून संकल्पन अहवालाचे शेवटचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे कसे, हे ध्यानात येते. गाळ कोणत्या पातळीला आल्यावर काढायचा, तो कोठे टाकायचा, औद्योगिक गाळाची तपासणी कोण करणार, यंत्रे उतरण्यासाठी उतरण कोठे असेल, वार्षिक खर्च किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार, या प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकाइतकीच स्पष्ट असावयास हवीत.

समारोप

पूर्वीच्या गावकऱ्यांकडे संगणकीय प्रारूपे नव्हती. परंतु वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाचे भवितव्य ठरवतो, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या संकल्पन अहवालानेही हेच भान राखले पाहिजे. पाणी कोणाच्या जमिनीवरून येते, कोणाच्या दारी जाते आणि तलाव जिवंत ठेवण्याचा खर्च कोण उचलते, या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे देणारा अहवालच पूर्ण मानता येईल. त्याखेरीज केलेले विसर्गाचे गणित कितीही अचूक असले, तरी पुराचे ओझे उताराखालच्या माणसावरच राहते.