चित्रांस वाणी द्या

वऱ्हाडांत दृष्टिहीन विद्वत्तेची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. अमरावती जिल्ह्यांतील माधानचे श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि वयाच्या नवव्या महिन्यांतच गेली. तरीही ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घेऊन व आपले विचार सांगून लिहवून घेऊन त्यांनीं अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यांत शंभरांहून अधिक ग्रंथ निर्माण केले. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षु' म्हणतात, तें यथार्थच होय. परंतु त्यांना ग्रंथ वाचून दाखविणाऱ्यांचाही या कार्यांत वाटा होता, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आज हें वाचनाचें काम पुष्कळसें यंत्राकडे आलें आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस 'स्क्रीन रीडर' म्हणतात. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं आरंभिलेली 'एन्. व्ही. डी. ए.' ही अशीच आज्ञावली विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. अंध मनुष्य एकेक कळ दाबीत पुढें सरकतो आणि यंत्र बोलत जातें. मात्र या यंत्राचा भर अक्षरांवर आहे. चित्र आलें कीं त्याच्यामागें कोणी लिहून ठेवलेला मजकूर तें शोधतें. या मजकुरास 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात; आपण त्यास पर्यायी मजकूर म्हणूं. अलीकडे यंत्रें चित्रांचें वर्णन अंदाजानें करूं लागलीं आहेत हें खरें. पण चित्र तेथें कशासाठीं ठेवलें, हें ठेवणाऱ्यासच ठाऊक!

ही बाब क्षुल्लक नव्हे. अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें पद्मश्री शंकरबाबा पापळकर यांच्या छायेखालीं वाढलेली एक अंध कन्या २०२४ सालीं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्यासारख्या मुलामुलींना आज अर्ज भरावयाचा तो संकेतस्थळावरच. तेथें 'अर्ज सादर करा' हें बटण केवळ चित्ररूप असेल व त्यामागें कांहींच लिहिलेलें नसेल, तर यंत्र 'चित्र' एवढेंच म्हणतें, किंवा फाइलीचा कांहीं तरी निरर्थक क्रमांक पुटपुटतें. वर्षभर अभ्यास केलेला विद्यार्थी अशा वेळीं दाराशींच अडतो, आणि मुदत कोणासाठीं थांबत नाहीं.

तर मग लिहावें कसें? पहिला नियम असा कीं, चित्र काय दिसतें यापेक्षां तें काय काम करतें हें सांगावें. भिंगाच्या चित्रामागें 'भिंग' न लिहितां 'शोधा' असें लिहावें. घराच्या चित्रामागें 'मुखपृष्ठ'. एकाच चित्राचा मजकूर जागेप्रमाणें बदलतो. अकोला जिल्ह्यांतील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा घ्या. प्रवासवर्णनांत 'महाकाली दरवाजा. कमानीच्या दोहों बाजूंस कोरीव सज्जे' असें शोभेल. इतिहासाच्या लेखांत त्यावरील शिलालेखाचा उल्लेख हवा. आणि तें चित्र दाबल्यावर दुसरें पान उघडत असेल, तर 'नरनाळ्याची माहिती' एवढेंच पुरे.

दुसरें, 'याचें चित्र', 'त्याचें छायाचित्र' अशी सुरुवात नको. चित्र आहे हें यंत्र आपण होऊन सांगतें. एकदोन वाक्यांत आटोपावें. कापसाच्या भावाचा आलेख असेल तर भाव चढला कीं उतरला तें सांगावें, आणि आंकडे खालीं कोष्टकांत द्यावे. केवळ शोभेची वेलबुट्टी असेल तर मजकुराची जागा रिती ठेवावी, म्हणजे यंत्र तिला ओलांडून जाईल. पण ती जागाच गाळूं नये.

तिसरा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेचें वेळापत्रक, देवस्थानची सूचना, नोकरीची जाहिरात, हीं कागदावर छापून, त्याचें छायाचित्र काढून तेंच संकेतस्थळावर टाकण्याची आपल्याकडे चालच पडली आहे. डोळसाला तेथें अक्षरें दिसतात. यंत्राच्या दृष्टीनें तो एक मुका डाग! अशा वेळीं तोच मजकूर पानावर टंकलिखित करून द्यावा. पानाची भाषा मराठी आहे ही खूणही करून ठेवावी. नाहीं तर यंत्र भलत्याच उच्चारांनीं वाचूं लागतें.

जागतिक संकेतस्थळांसाठीं १९९९ सालीं जे सुगम्यतेचे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत दृश्य मजकुरास पर्याय देण्याचा नियम अगदीं पहिला आहे. आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें माहितीच्या सुगम्यतेचें कर्तव्य सांगितलें, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संगणकीय सेवांपर्यंत पोहोंचणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. तथापि कायदा वाक्य लिहून देत नाहीं; तें कोणी तरी बसून लिहावें लागतें.

तें काम आमच्या वाचकांच्या घरोघरीं होण्यासारखें आहे. कोणाचा मुलगा संकेतस्थळें रचतो, कोणाची सून शाळेच्या पानाची व्यवस्था पाहते, कोणी मंडळाचे चिटणीस आहेत. धृतराष्ट्रापाशीं बसलेल्या संजयानें रणांगणावरील प्रत्येक धूलिकण वर्णिला नाहीं; राजाला जें जाणून घ्यावयाचें होतें तें सांगितलें. तेवढाच विवेक येथें हवा. मोतीबिंदूनें दृष्टि मंदावलेल्या आपल्याच आजोबांना कुटुंबाच्या गटावर बारशाचें छायाचित्र पाठवितांना 'बाळ आजीच्या मांडीवर, अंगांत हिरवें झबलें' एवढी ओळ खालीं लिहावी. अभ्यासाला आरंभ तेथूनच होऊं द्या.