सल्ला पूर्ण, अंमल अर्धा

करखात्यातील धोरण-सल्लागाराच्या हाती सही नसते. असतो तो केवळ कागद. त्यातले काय उचलायचे, हे सत्ताधारी ठरवितात. 2002 साली डॉ. विजय केळकर हे तत्कालीन अर्थमंत्री जसवंतसिंह यांचे सल्लागार होते. त्यांच्या कृतिगटाने दोन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. एक, करसवलतींचे जंजाळ कमी करा. दुसरी, करप्रशासन संगणकाकडे न्या. सवलतींच्या पाठीशी मतदार असतो, तेव्हा पहिल्या शिफारशीचे काय झाले हे सांगायला नकोच.

दुसरी वाट मात्र पुढे बेंगळुरूपर्यंत पोहोचली. 2009 साली मंजूर झालेले प्राप्तिकर खात्याचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र इन्फोसिसच्या साह्याने तेथे उभे राहिले. परताव्यासाठी घालावे लागणारे खेटे कमी झाले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण स्थानिक कार्यालयांतील जुन्या थकबाकीच्या नोंदी नीट न पडताळताच यंत्रात चढल्या आणि त्यांपोटी परतावे परस्पर वळते होऊ लागले. कलम 245 नुसार करदात्याला आधी लेखी कळविणे बंधनकारक होते. तक्रार केली की बेंगळुरू स्थानिक अधिकाऱ्याकडे बोट दाखवी आणि तो बेंगळुरूकडे. दोष यंत्राचा नव्हता. करदात्याचे ऐकून कोणी घ्यायचे, हेच व्यवस्थेत नीट ठरले नव्हते.

अखेर मार्च 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले की, परतावा वळता करण्यापूर्वी करदात्याला उत्तराची संधी द्या आणि त्या उत्तराचा विचार अधिकाऱ्याने करावा.